नकाराला वाट : किलिफीतील लोकसहभागाविषयी एक वाद

किलिफी हे केनियाच्या किनारपट्टीवरचे, मोम्बासाच्या उत्तरेला हिंदी महासागराच्या काठी वसलेले गाव. १९८९ साली तेथील सरकारी रुग्णालयाला लागून केनिया वैद्यकीय संशोधन संस्था, ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांनी मिळून एक संशोधन केंद्र उभारले. लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘केम्री’. हिवतापाने दगावणारी मुले हा या केंद्राचा सुरुवातीपासूनचा विषय. पुढे न्यूमोनिया, कुपोषण, आनुवंशिक आजार, लसींच्या चाचण्या असा पसारा वाढत गेला. २००० सालापासून रुग्णालयाभोवतीच्या ८९१ चौरस किलोमीटर मुलखातल्या अडीच लाखांहून अधिक लोकांची कायमस्वरूपी नोंद ठेवली जाते. ठरावीक महिन्यांनी कर्मचारी दारात येतात आणि घरात कोण जन्मले, कोण वारले, कोण परगावी गेले ते टिपून घेतात. रुग्णालयात आणलेले मूल कोणत्या घरचे, हेही त्यावरून कळते. वस्ती मुख्यतः मिजिकेंदा समाजाची, त्यातही गिरियामांची. मका, कसावा, नारळ आणि मासळी यांवर पोट चालते आणि बहुतेक घरांत हातातोंडाची गाठ कशीबशी पडते.

अशा मुलखात संशोधकाने लोकांशी कसे वागावे, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. सॅसी मॉलिन्यू, व्हिकी मार्श, डॉर्कस कामुया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रश्न अभ्यासाला घेतला. त्यांचे लक्ष रक्ताच्या नमुन्यांकडे नव्हते. नमुना देणारी आई, तो घेणारा त्याच गावचा क्षेत्र-कर्मचारी आणि संमतिपत्र वाचून दाखवताना त्या दोघांत जे घडते, ते त्यांनी तपासले. या क्षेत्राला लोकसहभाग म्हणतात. जागतिक आरोग्याच्या नीतिशास्त्रात त्याला आता अधिकृत स्थान आहे. ‘सिऑम्स’ या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतले सातवे तत्त्व सगळेच्या सगळे लोकसहभागावर आहे आणि वैद्यकीय संशोधनाच्या नीतीविषयीच्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०२४ च्या सुधारित आवृत्तीतही त्याचा समावेश झाला. तरीही त्याच्या उपयोगाविषयी जाणकारांत दोन तट आहेत. पुढील संवादातले ‘चिकित्सक’ आणि ‘समाजशास्त्रज्ञ’ म्हणजे त्या दोन भूमिका होत. त्या कोणा दोन व्यक्ती नव्हेत.

चिकित्सक : संमतीचा प्रश्न आचारसंहितेने केव्हाच सोडवला आहे. धोका काय, लाभ काय, मनात येईल तेव्हा बाहेर पडता येते की नाही, हे आईबापांना त्यांच्या भाषेत सांगावे, शंका विचारू द्याव्यात आणि मग सही किंवा अंगठा घ्यावा. निर्णय ज्याचा त्याचा. मध्ये गाव, मुखिया आणि सभा आणल्या की त्या आईवरचे दडपण उलट वाढते. वरून मुखियाने मान डोलावली की खालच्यांनी ‘नाही’ म्हणायचे कसे?

समाजशास्त्रज्ञ : दडपणाची भीती रास्त आहे. पण सही झाली म्हणजे समजले, हे तुम्ही गृहीत धरता. मॉलिन्यू आणि सहकाऱ्यांनी किलिफीतल्या तीन अभ्यासांतील संमतीची पाहणी करून २००४ साली तिचे निष्कर्ष मांडले. हे संशोधन आहे, नेहमीचा उपचार नव्हे, हा फरक अनेक पालकांच्या मनात उमटलाच नव्हता. यात नवल नाही. त्याच आवारात, तसाच डगला घातलेला माणूस मुलाला तपासतो, औषध देतो आणि थोडे रक्तही घेतो. आईच्या दृष्टीने ती डॉक्टरकडे गेली, एवढेच खरे.

चिकित्सक : मग संमतिपत्र सोपे करा, चांगले समजावून सांगा. समाजशास्त्र कशाला हवे?

समजावून सांगण्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे २००५ सालच्या एका लसचाचणीत दिसले. किलिफी भागातल्या ४०५ मुलांवर हिवतापाच्या एका प्रायोगिक लशीची चाचणी झाली. तुलनेसाठी निम्म्या मुलांना रेबीजची, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्यावरची लस देण्यात आली. कोणत्या मुलाला कोणती लस मिळाली हे पालकांना ठाऊक नव्हते आणि कर्मचाऱ्यांनाही नव्हते. त्याआधी सभा झाल्या, घरोघर बोलणी झाली, पत्रके वाचून दाखवली गेली. पुढे संमतीच्या प्रक्रियेचा अभ्यास झाला तेव्हा वेगळेच चित्र दिसले. पालकांनी माहितीची बेरीज-वजाबाकी करून निर्णय घेतला, असे म्हणता येत नव्हते. माहिती सांगणारा माणूस कोण, आपल्या ओळखीचा की परका, मूल आजारी पडले तर तो धावून येईल की नाही, शेजारणीने काय केले, यांवर त्यांचा निर्णय बेतलेला होता. विश्वास माणसावर होता, कागदाचा त्यात फारसा वाटा नव्हता. पुढे ती लस कुचकामी ठरली. संशोधनात असे होतच असते. पण ज्या घरांनी ‘आपल्या मुलाला हिवताप होणार नाही’ या समजुतीने होकार दिला होता, त्यांना हा निकाल समजावून सांगणे हेही नीतीचेच काम होते.

चिकित्सक : ओळखीपाळखीवर घेतलेला निर्णय डोळस कसा म्हणायचा? शहाण्या माणसाने वस्तुस्थिती पाहून ठरवावे.

समाजशास्त्रज्ञ : आपल्या घरात शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर आपण काय करतो, ते आठवा. आकडे वाचतो, पण शेवटी ओळखीच्या डॉक्टरला विचारतो. किलिफीतल्या आईनेही तेच केले. तिची चूक काढण्यापेक्षा, ज्याच्या भरवशावर ती ‘हो’ म्हणते तो माणूस त्या भरवशाला जागतो की नाही, हे पाहावे. माझ्या कामाची सुरुवात तिथून होते.

दुसरा वाद अफवांचा. केम्रीचे लोक रक्त विकतात, सैतानाची पूजा करतात, रात्रीच्या गाड्यांतून माणसे पळवतात, असे किनाऱ्यावर बोलले जाई. अभ्यासाच्या अहवालांत हे स्वच्छ नोंदलेले आहे.

चिकित्सक : हे निव्वळ अज्ञान आहे. शाळा वाढल्या की जाईल.

समाजशास्त्रज्ञ : अज्ञान म्हणून हात झटकले की त्यातली माहिती हातची जाते. माणसांना पकडून त्यांचे रक्त काढणाऱ्या ‘मुमियानी’च्या गोष्टी पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश अमदानीपासून चालत आल्या आहेत. इतिहासकार ल्यूझ व्हाइट यांनी त्यांवर सबंध पुस्तक लिहिले. परक्या सत्तेने माणसांच्या अंगातून काय काय घेतले, याची आठवण त्या गोष्टींत मुरलेली आहे. आजच्या किलिफीत लोक काय पाहतात? पांढऱ्या गाड्या येतात, रक्ताच्या कुप्या जातात, आवारात नव्या इमारती उठतात आणि घरात काहीच परत येत नाही. ‘आमचे रक्त कुठे जाते?’ हा प्रश्न वेडगळ नाही. नमुने खरोखरच परदेशी जातात, त्यांवर प्रबंध लिहिले जातात, निधी मिळतो.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईत प्लेगच्या धसक्याने गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुढच्या वर्षी पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरे झडतीसारखी तपासली आणि २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. रुग्णालयात माणसे मारतात, ही तेव्हाची अफवा खोटी होती. पण लोकांना न विचारता त्यांच्या देवघरापर्यंत शिरणारी सत्ता खरी होती. अफवेला बळ त्या सत्तेनेच दिले.

किलिफीच्या केंद्राने अफवा खोडून काढणारी पत्रके वाटण्यापुरते काम ठेवले नाही. लोकांना प्रयोगशाळा आतून दाखवण्याची प्रथा पडली. आपल्या मुलाच्या रक्ताचे काय होते, ते कोणत्या यंत्रात जाते, उरलेले कुठे ठेवतात, हे गावकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. यातून सगळे संशय मिटले, असे कोणी म्हणत नाही. प्रश्न विचारायला एक जागा मिळाली, इतके नक्की.

तिसरा वाद सर्वांत जुना : गावाच्या वतीने कोणी बोलायचे? केनियात मुखियाच्या अध्यक्षतेखाली भरणाऱ्या जाहीर सभेला ‘बराझा’ म्हणतात. या शतकाच्या पहिल्या दशकात केंद्राने लोकसहभागाची रीतसर आखणी केली तेव्हा बराझांमधूनच प्रतिनिधी निवडून घेण्याची पद्धत बसवली. असे दोनशेहून अधिक प्रतिनिधी निवडले गेले. त्यांना पगार नाही, फक्त येण्याजाण्याचा खर्च. नवा अभ्यास सुरू होण्याआधी त्यांच्यासमोर मांडायचा, त्यांनी आक्षेप सांगायचे आणि गावातली कुजबुज वर पोहोचवायची, अशी कल्पना.

चिकित्सक : कल्पना चांगली. पण निवडून कोण येते? ज्याला दोन अक्षरे वाचता येतात तो, मुखियाच्या मर्जीतला तो. सर्वांत गरीब घरातली, नवऱ्यापुढे तोंड न उघडणारी बाई निवडून येत नाही, आणि मूल तर तिचेच असते.

समाजशास्त्रज्ञ : हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो किलिफीच्या अभ्यासकांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केलेला आहे. प्रतिनिधींना गाव केम्रीची माणसे समजू लागले. काहींची अपेक्षाही तशीच झाली, पुढे-मागे नोकरी मिळेल अशी. केंद्राची बाजू गावाला पटवणे आणि गावाची बाजू केंद्राला सुनावणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे दिली की पहिले सोपे जाते आणि दुसरे मागे पडते. म्हणून प्रतिनिधी मंडळ हा पुरावा नव्हे. मंडळाने हरकत घेतली तेव्हा संशोधनात काय बदलले, हा पुरावा.

चिकित्सक : म्हणजे गावाला नकाराधिकार द्यायचा?

समाजशास्त्रज्ञ : कधी कधी, हो. निदान आराखड्यात फेरबदल करण्याइतका तरी.

या वादाचा गाभा कामुया यांच्या कामात सापडतो. त्यांनी क्षेत्र-कर्मचाऱ्यांना अभ्यासाच्या मध्यभागी आणले. परदेशी निधीतून चालणाऱ्या संशोधनाचा चेहरा म्हणजे बहुधा बारावीच्या आसपास शिकलेला, त्याच भाषेत बोलणारा, कदाचित नात्यागोत्यातलाच एक तरुण किंवा तरुणी. शास्त्रज्ञाचे नाव गावात कोणाला ठाऊक नसते. या मुलाचे असते. घरोघर जाऊन पुन्हा पुन्हा नमुने घ्यायचे अभ्यास असतात तेव्हा त्याची खरी परीक्षा लागते. किलिफीत श्वसनमार्गाच्या एका विषाणूचा घरातल्या घरात फैलाव कसा होतो हे पाहण्यासाठी घरातल्या प्रत्येकाच्या नाकातला स्राव आठवड्यातून दोनदा, सहा महिने घेतला गेला. नाकात कापसाची काडी घालणे धोक्याचे नाही, पण तान्ह्या मुलापासून आजीपर्यंत सर्वांना ते नकोसे असते. पहिल्या आठवड्यात सगळे हजर असतात. पुढे कर्मचारी येण्याच्या वेळी आई पाणी आणायला गेलेली असते. मुले शेजारी खेळायला पाठवलेली असतात. दार उघडते, पाहुण्याला बसायला दिले जाते, हसून बोलणे होते आणि ‘परवा या’ असे सांगितले जाते. परवा दाराला कडी असते. कोणीही ‘आम्हाला नको’ म्हणत नाही.

कामुया यांनी याला मूक नकार म्हटले. तोंडावर नाही म्हणणे उद्धटपणाचे, आणि रुग्णालयाशी वाकडे घेणे महागात पडेल ही धास्ती. कुठे नवऱ्याने होकार दिलेला असतो आणि बायकोला नको असते. कुठे बायकोला हवे असते पण सासरा नाराज असतो. भिडेखातर दिलेला होकार मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. गोष्ट इतकी ओळखीची असूनही संमतीच्या कोणत्याही छापील नमुन्यात तिला रकाना नाही, आणि ही त्या नमुन्यांतली गंभीर उणीव आहे.

चिकित्सक : मूक नकार ओळखायचा कसा? घरी नसणारा प्रत्येक जण नकार देत नसतो. शेतावरही असतो. दोनदा चुकामूक झाली म्हणून कर्मचाऱ्याने जाणे सोडले, तर नमुने अपुरे पडतील, निष्कर्ष चुकतील, आणि आधीच्यांनी दिलेला त्रासही वाया जाईल. तेही अनैतिकच.

समाजशास्त्रज्ञ : बरोबर. म्हणूनच हा प्रश्न कर्मचाऱ्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकू नये. आज काय होते? वरून आकडा गाठायचे बंधन आणि खाली ओळखीच्या घरची नाराजी, या कात्रीत तो सापडतो. मग तो स्वतःच्या खिशातून आजारी मुलासाठी काहीतरी देतो, घरच्यांशी मैत्री वाढवतो. मैत्री झाली की नकार आणखी अवघड होतो. हे सगळे नोंदवहीच्या बाहेर घडते. उपाय अगदी साधे आहेत. कर्मचाऱ्याला घर गळाले तर जाब न विचारणे. मध्येच पुन्हा एकदा, दुसऱ्या माणसाकरवी, ‘चालू ठेवायचे का?’ असे विचारणे. आराखड्यात गळतीची तजवीज आधीच करणे. नाही म्हणणाऱ्याला रुग्णालयात पूर्वीसारखीच वागणूक मिळते, हे गावाला दिसेल असे वागणे.

पुढचा मुद्दा कठीण. किलिफीसारख्या ठिकाणी संशोधनात सामील होणे म्हणजे बऱ्याचदा बरी तपासणी, मोफत औषध आणि गाडीभाडे मिळणे. जेथे याव्यतिरिक्त काही नाही, तेथे ‘हो’ कितपत मोकळेपणाने आलेला असतो, हे कोणत्याही संमतिपत्राच्या भाषेने ठरत नाही.

चिकित्सकाची बाजू सर्वांत भक्कम होते ती तातडीच्या उपचारांत. तीव्र संसर्गाने शरीरातले रक्ताभिसरण कोलमडलेल्या मुलाला शिरेतून झपाट्याने द्रव द्यावा, ही जगभरची रीत होती. आफ्रिकेतल्या रुग्णालयांत, जेथे कृत्रिम श्वासयंत्रे आणि अतिदक्षता विभाग नाहीत, तेथे ती लाभते का, हे कोणी पारखले नव्हते. किलिफीच्या कॅथरीन मेटलँड यांच्या नेतृत्वाखाली युगांडा, केनिया आणि टांझानिया येथील ३,१४१ मुलांवर ही चाचणी झाली. जानेवारी २०११ मध्ये देखरेख समितीने ती मुदतीआधी थांबवली. झपाट्याने द्रव दिलेल्या दोन गटांत पहिल्या ४८ तासांत १०.६ आणि १०.५ टक्के मुले दगावली होती. तसा द्रव न दिलेल्या गटात ७.३ टक्के. रूढ उपचारच घातक निघाला.

चिकित्सक : आता सांगा, त्या आईशी लोकसहभागाच्या गोष्टी केव्हा बोलायच्या? मूल मांडीवर निपचित पडले आहे, हाताशी काही मिनिटे आहेत. तिला चार पानी संमतिपत्र वाचून दाखवणे ही क्रूरता ठरेल. आणि चाचणीच केली नाही, तर शंभरामागे तीन मुले आपण चांगुलपणाने मारत राहू.

समाजशास्त्रज्ञ : येथे तुमचे म्हणणे मी पुरते मान्य करते. ही चाचणी करायलाच हवी होती. तेथे अशा वेळी थोडक्यात तोंडी विचारून उपचार सुरू करायचे आणि मूल सावरल्यावर सविस्तर संमती घ्यायची, अशी पद्धत ठेवली होती. पण त्या मिनिटांत आईशी बोलता येत नाही, म्हणूनच आधी गावाशी बोलणे भाग पडते. आपल्या मुलांवर बिकट प्रसंगी काय केले जाईल, किती सांगितले जाईल, मूल दगावले तर कागद घेऊन आईसमोर जायचे की नाही, यावर लोकांचे मत चाचणीआधी घ्यावे लागते. तुम्ही संमती पुढे ढकलता, तेव्हा विचारणे मागे आणावे लागते.

चिकित्सक : लोक काय सांगणार? ‘डॉक्टर, तुम्हीच ठरवा.’

समाजशास्त्रज्ञ : तेही सांगतात. थोडक्यात सांगा, आधी मुलाला बघा, असे म्हणणारे पालक पुष्कळ असतात. मग आखूड संमती हा डॉक्टरांनी घेतलेला सोयीचा मार्ग राहत नाही. तो लोकांनी दिलेला असतो. निकाल उलटा आला तेव्हा तो गावापुढे मांडण्याचे बंधनही त्याच बोलण्यातून येते.

याहून नाजूक प्रश्न आनुवंशिक अभ्यासाने उभा केला. किलिफीत हजारो तान्ह्या मुलांच्या रक्ताची आनुवंशिक तपासणी हिवतापाच्या अभ्यासासाठी झाली. त्यात सिकलसेल हा रक्तातला आनुवंशिक दोषही कळतो. सिकलसेलचा एकच दोष असलेल्या मुलाला, म्हणजे वाहकाला, सहसा त्रास होत नाही. उलट तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. दोन्ही पालकांकडून दोष आला तर मात्र जीवघेणा आजार होतो. आजारी मुलाच्या पालकांना सांगायचे यावर दुमत नव्हते, कारण उपचार करता येतात. पण वाहक मुलाच्या पालकांना सांगावे का? मूल वाहक असेल तर दोघांपैकी एक तरी पालक वाहक असणार. पालकांची तपासणी केली आणि दोघेही वाहक नाहीत असे निघाले, तर पितृत्वावर शंका येते. मार्श, कामुया आणि मॉलिन्यू यांनी त्याच भागात सिकलसेलग्रस्त मुलांच्या आयांची स्थिती पाहिली होती. वैद्यकाच्या हिशेबाने दोष दोघांकडून येतो, तरी बोल एकट्या आईला लागे, कधी संसारही मोडे.

चिकित्सक : माहिती पालकांच्या मालकीची आहे. ती दडवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

समाजशास्त्रज्ञ : अधिकार नाही, पण जबाबदारी आहे. सत्य हाती दिले आणि त्याचा मार कोणाला बसेल हे पाहिले नाही, तर आपण फक्त आपले हात स्वच्छ ठेवले. किलिफीत यावर गावकऱ्यांशी, कर्मचाऱ्यांशी, पालकांशी सल्लामसलत झाली. कोणी म्हणाले, लपवले तर पुढच्या मुलाचा धोका कसा कळणार? कोणी म्हणाले, घर फुटेल. दोन्ही म्हणणी घरातल्या अनुभवातून आलेली. केवळ गोपनीयतेच्या नियमावरून मी ती अंदाजाने मांडू शकले नसते.

या चर्चेचा विदर्भाशी थेट संबंध आहे. गडचिरोली आणि लगतच्या आदिवासी भागात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचे लक्ष्य सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आहे, आणि तपासलेल्यांना लग्न जुळवताना दाखवण्याजोगी पत्रके दिली जातात. त्या पत्रकामुळे कोणत्या मुलीचे लग्न अडेल, हा किलिफीतलाच प्रश्न आहे. १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेची स्थापना करणारे डॉ. अभय बंग यांनी आपल्या सुरुवातीच्या सिकलसेल संशोधनाविषयी सांगितले आहे की तो प्रश्न संशोधकांना महत्त्वाचा वाटला होता, लोकांनी मागितलेला नव्हता. पुढे त्यांनी लोकांनाच विचारून कामाचे विषय ठरवले. रुग्णालयाची भीती का वाटते, असे विचारल्यावर आदिवासींनी मोठ्या इमारतींबद्दल, प्रेताच्या वस्त्रासारख्या पांढऱ्या कपड्यांबद्दल, नातेवाइकांना जागा नसल्याबद्दल सांगितले; मग रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे बांधले गेले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. लोकांच्या सांगण्यावरून भिंतीचा आकार बदलतो, तेव्हा सहभाग कशाला म्हणतात हे दाखवता येते.

चिकित्सक : चांगली उदाहरणे निवडून दाखवणे सोपे आहे. मला वाईटांची धास्ती वाटते. लोकसहभाग हा आता निधी मिळवण्याचा परवलीचा शब्द झाला आहे. चार सभा, छायाचित्रे, हजेरीपट, आणि अहवालात एक प्रकरण. संशोधन आहे तसेच पुढे.

समाजशास्त्रज्ञ : तुमच्या आक्षेपाला भारतातच दाखला आहे. २००९ साली आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस मुलींना देण्याचा प्रकल्प झाला. सात मुली दगावल्या. चौकशीत त्यांच्या मृत्यूचा लशीशी संबंध जुळला नाही. पण संमतीची तपासणी झाली तेव्हा संसदीय समितीने ७२व्या अहवालात नोंदवले की आंध्रातल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या आणि १,९४८ वर अंगठे. आश्रमशाळेतल्या आदिवासी मुलीच्या आईबापांना कोणी विचारले? जागृतीच्या सभा झाल्या असतीलही. विचारले कोणाला, हे पाहावे लागते.

चिकित्सक : आणि विचारले म्हणून संशोधनच बंद पडले तर? २००४ साली कंबोडियात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसाठी एचआयव्ही रोखणाऱ्या गोळीची चाचणी विरोधामुळे सरकारने बंद केली, पुढच्या वर्षी कॅमेरूनमधलीही स्थगित झाली. ती गोळी पुढे परिणामकारक ठरली. उशिराची किंमत त्याच स्त्रियांनी मोजली.

समाजशास्त्रज्ञ : मोजली. पण त्या स्त्रियांनी आधी मागितले काय होते? चाचणीमुळे दुखापत झाली तर पुढची बरीच वर्षे उपचारांची हमी. मागणी अवास्तव नव्हती, ऐकायला उशीर झाला. त्या धक्क्यानंतरच २००७ साली सहभागाची मार्गदर्शक तत्त्वे लिहिली गेली. ती आधी लिहिली असती तर कदाचित चाचणी वाचली असती.

लोकांना विचारण्याच्या आणि सांगण्याच्या या मुद्द्याचा पुढचा दुवा पुण्यात आहे. हिवतापावरची आर-२१ ही लस ऑक्सफर्डमध्ये घडली. तिचे उत्पादन पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट करते. तिची शेवटच्या टप्प्याची चाचणी बुर्किना फासो, माली, टांझानिया आणि केनिया येथील ४,८०० हून अधिक मुलांवर झाली. केनियातले केंद्र किलिफी. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. त्याआधीची आरटीएस-एस ही लस २००७ साली किलिफी आणि टांझानियातील कोरोग्वे येथील ८९४ मुलांवर तपासली गेली होती. मोठी चाचणी पुढे सात देशांत झाली, त्यात पश्चिम केनियाही होता. २०१९ साली ती केनियात प्रत्यक्ष लसीकरणात आली तेव्हा सुरुवात झाली ती व्हिक्टोरिया सरोवराकाठी, कारण हिवताप तिकडे अधिक. साथशास्त्राच्या दृष्टीने तो निर्णय योग्य होता. किनाऱ्यावर रक्त देणाऱ्या घरांना तो कोणी समजावून सांगितला, हा प्रश्न साथशास्त्राच्या बाहेर राहिला. त्याच लसीकरणावर २०२० साली ‘बीएमजे’ या नियतकालिकातून टीका झाली : लशीची सुरक्षितता अजून तपासली जात असताना पालकांची स्पष्ट संमती घेतली गेली नाही. संघटनेचे उत्तर असे की हा नेहमीच्या लसीकरणाचा भाग होता, आणि मुलाला घेऊन येणे म्हणजे संमतीच.

चिकित्सक : तुम्ही नेहमी दुसऱ्यांच्या संस्थांकडे बोट दाखवता. किलिफीतल्या समाजशास्त्रज्ञांचा पगार कोण देते? ज्या केंद्राच्या संशोधनाला विश्वास हवा, तेच केंद्र विश्वासाच्या अभ्यासकांना पोसते.

समाजशास्त्रज्ञ : हा आक्षेप टिकतो. त्याला आजपर्यंत मिळालेले उत्तर अर्धे आहे. मूक नकार, प्रतिनिधींची घुसमट, संमतीची कमकुवत समज, ही सगळी अडचणीची निरीक्षणे केंद्राच्या आतल्या माणसांनी स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केली. बाहेरचा असता तर त्याला त्या घरांत प्रवेशच मिळाला नसता. उरलेले अर्धे उत्तर नियमांत हवे. गावाच्या प्रत्येक हरकतीची नोंद, तिच्यावर काय केले आणि काही केले नाही तर का, हे नीतिसमितीसमोर ठेवण्याचे बंधन. समितीवर पगार न घेणारी, त्या मुलखातली माणसे. आणि त्या नोंदी बराझात, त्यांच्या भाषेत वाचून दाखवणे.

चिकित्सक : नोंदी वाचून दाखवल्या आणि लोकांनी विचारले की एवढ्या वर्षांत रुग्णालयात कायमचा डॉक्टर का मिळाला नाही, तर?

समाजशास्त्रज्ञ : तर तो प्रश्नही नोंदवावा लागेल, आणि तो निधी देणाऱ्यांकडे आणि सरकारकडे पाठवावा लागेल. त्याचे उत्तर संशोधन केंद्राकडे नसेलही. पण तो संशोधनाच्या आवारात विचारला गेला, म्हणून तो परका ठरत नाही.